ऑक्टोबरपर्यंत

कृष्णकांतकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोर बसलेल्या नवराबायकोकडे आळीपाळीने पाहिलं.

"पण तू थांबलीस कशाला?"

वैशालीला वाटलं, एसीच्या घरघरीत आपणच काहीतरी भलतं ऐकलं. मस्कतच्या दार्सैत भागातला दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, डायनिंग टेबलावर काकांचा लॅपटॉप आणि पोह्यांच्या ताटल्या. काका पेशाने सीए. जुलै लागला की मस्कतमधल्या निम्म्या मराठी मंडळींची भारतातली रिटर्न्स शुक्रवारच्या सुट्टीत याच टेबलावरून जायची. फी म्हणाल तर कल्पनाकाकूंचे पोहे संपवून उठायचं, एवढीच.

वैशाली आणि रूपेश इथे पहिल्यांदाच आले होते. रूपेश चाकणला नोकरीला, वैशाली इकडे मस्कतला, आणि विश्रांतवाडीचा भाड्याने दिलेला फ्लॅट दोघांच्या नावावर. त्यामुळे दरवर्षी दोन रिटर्न्स, त्याचं रहिवाशाचं आणि तिचं अनिवासी भारतीयाचं. हे काम अण्णा करायचे, म्हणजे वैशालीचे वडील. यंदा अण्णा नव्हते. म्हणून पंधरा दिवसांच्या रजेवर आलेल्या रूपेशला घेऊन ती काकांकडे आली होती, आणि बोलता बोलता गेल्या वर्षीचा विषय निघाला होता.

"टॅक्समुळे थांबले ना, काका," ती म्हणाली. "जूनमध्ये अण्णांचं निदान झालं तेव्हा राजीनामा लिहून तयार होता माझा. पण ऑक्टोबरच्या आधी कायमची परत गेले असते तर त्या वर्षीपुरती मी भारताची रहिवासी ठरले असते. मग इकडचा पगार, ग्रॅच्युइटी, सगळ्यावर तिकडे टॅक्स."

"कुणी सांगितलं?"

वैशालीने फक्त रूपेशकडे पाहिलं. रूपेश पोह्यांतले शेंगदाणे चमच्याने कडेला लावत होता.

"अगं, रहिवासी ठरली असतीस, कबूल," काका म्हणाले. "पण तुझ्यासारखी इतकी वर्षं बाहेर काढलेली माणसं परत जातात ना, त्यांना कायदा पहिली दोन-तीन वर्षं सवलत देतो. इकडच्या कमाईला तिकडे हातच लावत नाही. जूनमध्ये गेली असतीस तरी एक पैसा टॅक्स बसला नसता. खलास! यात काही गुपित नाही. आयकर खात्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं असतंत तरी त्याने सांगितलं असतं."

रूपेशचा चमचा थांबला.

वैशालीने ते पाहिलं आणि तिच्या मनाने त्याचा अर्थही लावून टाकला. चोर पकडला गेला की त्याचा हात असाच थांबतो. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर काका होते, दारात काकू फोडणीच्या मिरच्यांचा डबा भरून उभ्या होत्या, आणि चार माणसांत नवऱ्याची अब्रू काढायची नाही एवढं तरी तिला तिच्या आईने, सुलोचनाबाईंनी, शिकवलं होतं. ती हसली. काकूंच्या हातून डबा घेतला, मिरच्या किती छान तळल्यात म्हणाली आणि चपला घालताना चुकून रूपेशच्या चपलेवर पाय देऊन पुढे गेली. चुकून नव्हे खरं तर.

*

गाडी तीच चालवायची. रूपेशकडे ओमानचं लायसन्स नव्हतं, आणि आजवर त्याला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. मस्कतच्या मराठी मंडळात नवीन कुणी भेटलं की वैशालीला हमखास विचारायचं, "तुमचे मिस्टर कुठल्या कंपनीत?" मिस्टर पुण्यात असतात, नोकरीला इथे मी असते, असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्याची ती दोघं रात्री फोनवर नक्कल करून हसायची. आखातात नवरा जातो आणि बायको पुण्यात सासूजवळ राहते, असा रिवाज. यांचं उलटं होतं. सांडपाण्याच्या वाहिन्यांचं डिझाइन करणारी बाई, आणि तिला वर्षातून दोनदा येऊन भेटणारा नवरा. त्यातलं हसू गेल्या सप्टेंबरपासून आटलं होतं.

गाडी हायवेला लागली. तशी ती सुरू झाली.

"एक पैसा नाही. ऐकलंस ना? एक पैसा बसला नसता."

"ऐकलं."

"आणि तू मला फोनवर काय सांगितलंस? थांब. ऑक्टोबरपर्यंत थांब. अण्णांच्या औषधपाण्यालाच हे पैसे लागणार आहेत, ते सरकारच्या घशात कशाला घालायचे? शब्द न शब्द आठवतोय मला."

"मलाही."

"मग बोल ना काहीतरी!"

रूपेशने सीटबेल्ट छातीवरून थोडा ओढून धरला, जणू तोच आवळत होता.

खरं सांगायचं तर आजवर तिचा राग वेगळा होता. नवरा जरा हिशेबी निघाला, एवढाच. अण्णा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. ती विमानतळावरून थेट घरी पोचली तेव्हा दाराबाहेर चपलांचा खच होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं भिंतीला टेकून बसली होती आणि अण्णा बर्फावर. तेव्हापासून ती रूपेशशी बोलायची, पण कामापुरतं. गॅस संपला का, भाडेकरूने नळ बदलला का. ऑक्टोबरचं तिकीट काढलेलं होतं, तो महिना आला आणि गेला. राजीनामा तसाच लॅपटॉपमध्ये राहिला आणि हिवाळ्यात तिच्याकडे सोहारच्या प्रकल्पाची जबाबदारी आली. परत जायचं ते ज्यांच्यासाठी, तेच राहिले नव्हते. नवऱ्याने व्यवहार पाहिला, आपण ऐकलं, असं म्हणून तिने तो राग कसाबसा गिळून ठेवला होता. कारण निदान तो व्यवहार तरी खरा होता.

आता तोही खोटा निघाला. म्हणजे तीन महिने ती इथे एसीत बसून पाइपांचे व्यास काढत राहिली आणि तिकडे अण्णा झिजत गेले, ते एका चुकीच्या माहितीपायी. कुणाच्या तरी ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता ऐकलेल्या. आणि ती थांबली होती. तिला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, आणि हेच तर तिला सहन होत नव्हतं.

"कुणाकडून ऐकलंस तू ते? चाकणला कोण एवढा शहाणा भेटला तुला?"

"घरी जाऊन बोलू या, वैशाली."

"घरी नाही. मला आत्ता बोलायचंय."

मागून आलेल्या ट्रकने दिवे मारले. तिने गाडी डावीकडे... नाही, इथे उजवीकडे घ्यायची. आठ वर्षं इथे चालवूनही रागात तिचा हात पुण्याच्या सवयीने जायचा. रूपेशने डॅशबोर्ड धरला. तिला त्याचाही राग आला.

*

अल खौदच्या बाजारपेठेत नूरुद्दीनचं चहाचं दुकान होतं. दुकानात कुणी शिरत नसे. गाडी समोर लावायची, हॉर्न एकदा हलकेच वाजवायचा, नूरुद्दीन दारात आला की काचेआडून बोटं दाखवायची. जितकी बोटं तितके करक, म्हणजे कडक दुधाळ, चहा गाडीपाशी येत. वैशाली मस्कतमध्ये नवी होती तेव्हा तिला ही रीत अगदी उद्धट वाटली होती. हॉर्न वाजवून माणसाला बोलवायचं म्हणजे काय! आता तिचं बोट सवयीने हॉर्नवर जायचं.

तिने हॉर्न दिला. नूरुद्दीन लुंगी सावरत दारात आला. वैशालीने एक बोट वर केलं.

रूपेशने ते पाहिलं.

"मॅडम, एकच?" काचेजवळ येत नूरुद्दीनने विचारलं. साहेब सुट्टीवर आल्याचं त्याला माहीत होतं. परवाच दोन नेले होते.

"एकच."

तो गेला. बाहेर दुपारचा उजेड इतका पांढरा होता की समोरच्या इमारतीकडे पाहवत नव्हतं. एसी चालू राहावा म्हणून तिने गाडी बंद केली नव्हती. चहा आला. तिने तो कागदी कप तोंडाला न लावता दोन सीटमधल्या खाचेत ठेवला.

"मला एक सांग," ती म्हणाली. आवाज उतरला होता, आणि उतरलेला आवाज जास्त वाईट हे रूपेशला लग्नाच्या तेरा वर्षांत कळलेलं होतं. "तुला माहीत नव्हतं, ठीक आहे. तू इंजिनिअर आहेस, टॅक्स तुझा विषय नाही. पण घरात आयकर खात्यातून रिटायर झालेला माणूस होता, रूपेश. आख्खी नोकरी त्यात काढलेला. आणि तू मला काय म्हणालास? 'अण्णांना यात घालू नकोस, त्यांना वाटेल आपल्यासाठी पोरगी नुकसान करून घेतेय.' मला विचारूसुद्धा दिलं नाहीस!"

रूपेशने खिडकीबाहेर पाहिलं.

"अण्णा!" ती म्हणाली. "जे बचत खात्यावरचं चिल्लर व्याजसुद्धा रिटर्नमध्ये दाखवायला लावायचे. भाडेकरूने दोन महिने भाडं रोख दिलं तेव्हा मी म्हटलं, राहू द्या ना अण्णा, कुणाला कळतंय. तर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, मग रिटर्न तूच भर, मी खोट्याला हात लावत नाही. आठवतंय? एक दिवस जेवले नव्हते माझ्या हातचं. खात्यात साहेबाचा चहा घ्यायचे नाहीत, ज्याची केस आहे त्या पार्टीचा तर लांबच. त्यांना एका शब्दाने विचारलं असतंस तर त्यांनी झोपेतसुद्धा बरोबर सांगितलं असतं!"

"विचारलं होतं."

"काय?"

"अण्णांना विचारलं होतं," रूपेश म्हणाला. "म्हणजे मी नाही विचारलं. त्यांनीच सांगितलं. ऑक्टोबरचं. मला स्वतःहून."

समोरून एक कुटुंब रस्ता ओलांडत होतं. बाईने काळ्या अबायाची कड उचलून धरली होती. वैशाली त्यांच्याकडे बघत राहिली, ते पलीकडे पोचेपर्यंत.

"खोटं बोलू नकोस."

"राजीनाम्याचं तू मला सांगितलंस, त्याच संध्याकाळी. मी त्यांना म्हटलं, वैशाली येतेय कायमची. खूश होतील असं वाटलं होतं. तर उठून बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, तिला म्हणावं ऑक्टोबरपर्यंत थांब, नाहीतर सगळी कमाई करात जाईल. मला कलमासकट समजावून सांगितलं. आणि म्हणाले, माझं नाव घेऊ नको. मी सांगितलं तर ती वाद घालेल, पुस्तक काढायला लावेल. तू सांग. तुझ्यावर चिडेल, पण ऐकेल."

"आणि तू सांगितलंस."

"आयकराचं अण्णा सांगतायत म्हटल्यावर मी काय तपासणार होतो?"

"वर्षभर मी तुला..." ती थांबली. वर्षभर आपण त्याला काय काय बोललो याची उजळणी करायची ही वेळ नव्हती. "वर्षभर गप्प का बसलास?"

"शब्द दिला होता. आणि मला वाटायचं, नियम तर खरा आहे ना. मग माझ्या तोंडून गेला काय, त्यांच्या तोंडून गेला काय. तू चिडायला कुणीतरी हवंच होतं."

वैशालीने मान हलवली. एकदा, दोनदा. हे तिला पटत नव्हतं, आणि का पटत नाही ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"शक्य नाही," ती म्हणाली. "काका काय म्हणाले ऐकलंस ना? खात्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला माहीत असतं हे. अण्णांनी तर परदेशातून आलेल्यांच्याच केसेस बघितल्या शेवटची पाच वर्षं. अण्णा यात चुकूच शकत नाहीत, रूपेश."

"चुकले असं मी कुठे म्हणतोय?" रूपेश हळूच म्हणाला.



तिच्या हाताशी चहाचा कप होता. त्यावर साय धरली होती. तिने बोटाच्या टोकाने ती बाजूला केली आणि बोट कपाच्या कडेला पुसत राहिली, ते कोरडं झालं तरी.

"दार्सैतला काका बोलले तेव्हा माझ्या डोक्यात आलं," रूपेश म्हणाला. "तुला सांगायचं नव्हतं मला. देवाशपथ... म्हणजे, खरंच नव्हतं."

"डॉक्टरांनी तर वर्ष-दीड वर्ष म्हटलं होतं."

"ते अण्णांनी सांगितलं आपल्याला. केबिनमध्ये ते एकटेच गेले होते. मला बाहेर बसवलं, म्हणाले, माझं मी ऐकतो. सप्टेंबरात ते गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, 'तीन महिने म्हटलं होतं यशवंतरावांना, तेवढे त्यांनी काढले.' मला वाटलं डॉक्टर आता आपली बाजू सावरून घेतायत."

जून. तीन महिने. ऑक्टोबर.

वैशालीला पुन्हा मोजून पाहायची गरज नव्हती.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस ईदच्या सुट्टीत ती चार दिवस पुण्याला जाऊन आली होती, ते तिला आठवलं. ती घरात शिरली तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ती मनात म्हणाली होती, बघ, किती बरे दिसतात, उगाच घाबरलो आपण. रात्री आई म्हणाली होती, सकाळपासून आवरत होते, दोनदा बसून दम घ्यावा लागला. तेही तिला कौतुकाचंच वाटलं होतं. निघताना त्यांनी ऑक्टोबरचं तिकीट काढलंस का म्हणून विचारलं. तिने मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते लांब धरून, तारखेवर बोट ठेवून वाचलं होतं, एखाद्याचं रिटर्न तपासावं तसं. आणि म्हणाले होते, "छान. तोवर गारवाही पडेल."

अण्णांनी डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला होता. गावी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून उशाशी जाऊन बसले. दोन वर्षांनी मोकळे झाले तेव्हा कॉलेज संपलं होतं, मग खात्यात कारकून म्हणून चिकटले आणि पुढे परीक्षा देत देत वर सरकले. कुणी विचारलंच तर एवढंच म्हणायचे, "बसलो तो बसलोच." तक्रार म्हणून नाही. वैशालीला इंजिनिअरिंगला घालताना म्हणाले होते, मस्कतचं पत्र आलं तेव्हाही म्हणाले होते. लहानपणापासून ऐकलेलं ते वाक्य, त्याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं.

"काय अधिकार होता त्यांना?" ती म्हणाली.

रूपेशने सीटबेल्ट सोडला.

"माझा बाप मरत होता आणि मला कळू दिलं नाही! काय अधिकार होता? सोहारचा प्रकल्प? तो मिळावा म्हणून? मला नको होता! मला त्यांच्याजवळ बसायचं होतं!" तिचा आवाज चिरकला. "आयुष्यभर दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये खोटं शोधलं, आणि स्वतः... खोटारडे! अण्णा खोटारडे होते! आणि आता भांडायला जाऊ कुठे मी? सांग ना, कुणाशी भांडू?"

आणि तिने दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आपटल्या. एकदा, पुन्हा, आणि मग तिसऱ्यांदा तशाच दाबून धरल्या. हॉर्न लांबलचक वाजत राहिला. पलीकडच्या गाडीतल्या माणसाने वळून पाहिलं. बाजूच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईक दारात आलं. रूपेशने हात पुढे केला, पण तिच्या मनगटाला न लावता तसाच मधे धरला.

तिने हात काढले. आवाज थांबला.

नूरुद्दीन धावत बाहेर आला होता. एवढा हॉर्न म्हणजे मॅडमना घाई असणार, असं त्याला वाटलं असावं. चहाची किटली तशीच हातात होती. उन्हात डोळे बारीक करून त्याने गाडीकडे पाहिलं आणि दुसरा हात उंचावून, बोटं हलवत विचारलं, किती?

वैशालीने ओढणीने नाक पुसलं. खाचेतल्या चहाकडे पाहिलं, तो गार झाला होता. रूपेश समोर बघत होता. सकाळपासून त्याच्या पोटात चार घास पोहे गेले होते, तेही अर्धेच.

तिने काचेआडून दोन बोटं वर केली.